गणपतीतला रविवार, टेरी फॉक्स रन आणि पाठीवरचं नाव

काळी_माती

नमस्कार मंडळी. इथे दोन वर्षं नुसता वाचत आलोय, लिहितोय पहिल्यांदाच, त्यामुळे काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी परभणी जिल्ह्यातला. सध्या कॅनडात ऑन्टारियोमधे वॉटर्लूला मेकॅनिकलमधे मास्टर्स करतोय. एका मराठी कुटुंबाकडे बेसमेंटमधे राहतो. पहिलं वर्ष फार वाईट गेलं म्हणजे अभ्यास जमत नव्हता असं नाही, पण कशासाठी करतोय तेच कळेनासं झालं होतं, थीसिसचा विषय ठरेना, प्रोफेसर दर आठवड्याला विचारायचे आणि मी दर आठवड्याला काहीतरी नवीन सांगायचो, रात्री घरी फोन केला की आईला सगळं छान चाललंय म्हणून सांगायचं आणि मग छताकडे बघत पडायचं.

तर गणपतीतला रविवार होता. आदल्या संध्याकाळी आरती झाल्यावर घरमालकीण काकू म्हणाल्या, उद्या सकाळी लवकर ऊठ, पार्कात टेरी फॉक्स रन आहे, कॅन्सरच्या संशोधनाला पैसे जमवायची, मंडळाची पंधरा-वीस माणसं दरवर्षी जातो, तूही चल. मी म्हटलं काकू मला पळता येत नाही आणि माझ्याकडे बूटही नाहीत. त्या म्हणाल्या, अरे तिथे कोण पळतंय, मी तर चालते आणि तुझे काका सायकल घेऊन येतात.

गेलो. मला वाटलं होतं मॅरेथॉनसारखं काहीतरी असणार, छातीवर नंबर, वेळ लावणारी माणसं, मेडल. तसलं काहीच नाही. नाव नोंदवायला फी नाही, अमुक इतके पैसे आणलेच पाहिजेत अशी अट नाही, पहिला दुसरा नंबर नाही. एका टेबलावर देणगीची पेटी, दुसर्‍यावर केळी आणि संत्र्याच्या फोडी, आणि एक आजोबा प्रत्येकाला हात जोडावेत तसे मान झुकवून थँक्यू म्हणत होते. दीड डॉलर टाकणार्‍या पोरालाही आणि चेक देणार्‍यालाही तेवढंच वाकून. मी वीस डॉलर टाकले, माझ्यासाठी ते दोन दिवसांचं जेवण होतं, पण टाकले.

मग एका मुलीने एक स्टिकर आणि मार्कर हातात दिला. स्टिकरवर छापलेलं, मी अमक्यासाठी धावतोय, आणि पुढे मोकळी जागा. सगळे लिहून पाठीवर चिकटवत होते. कुणी मॉम, कुणी ग्रँडपा, एका लहान मुलाच्या पाठीवर तर खाली खाली पाच नावं. मी मार्कर घेऊन कितीतरी वेळ उभा राहिलो आणि मग देवनागरीत लिहिलं, बारक्या.

बारक्या माझा चुलत भाऊ. नववीत असताना त्याचा गुडघा दुखायला लागला. कबड्डी खेळायचा त्यामुळे सगळ्यांना वाटलं मार लागला असेल. तीन-चार महिने एकाकडे नेऊन चोळून घेत होते, लेप लावत होते, सूज वाढतच गेली. शेवटी एक्सरे काढला आणि तिथून थेट मुंबई, परळला टाटा हॉस्पिटल. हाडाचा कॅन्सर, ऑस्टिओसार्कोमा. चुलता-चुलती दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिले कितीतरी महिने. मी तेव्हा बारावीला होतो, दिवाळीच्या सुट्टीत डबा घेऊन जायचो. ती लाल रंगाची सलाईन चालू असायची आणि बारक्या भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा. मला काय बोलावं ते कधीच सुचलं नाही, मी त्याच्या पायाशी बसून मोबाइल बघत बसायचो. त्याची लाज मला आजही वाटते.

बारक्या वाचला. पायही वाचला, गुडघ्याजवळचं हाड काढून धातूचा सांधा बसवलाय. आता तो बीएड करतोय.

पण मी त्या सगळ्याबद्दल कधी नीट विचारच केला नव्हता. त्या दिवशी पार्कातल्या वाटेवर जागोजागी बोर्ड लावले होते, ज्याच्या नावाने ही रन असते त्या टेरी फॉक्सबद्दल. एकावर लिहिलं होतं की १९७७ साली, अठरा वर्षांचा असताना, त्याच हाडाच्या कॅन्सरने त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की जगायची शक्यता ५० टक्के, आणि दोनच वर्षं आधी हा आजार झाला असता तर ती १५ टक्के असती. मधे काय बदललं? नवीन औषधं आली. संशोधन झालं. बस्स, एवढंच. टेरीला हे कळलं आणि त्याच्या डोक्यात बसलं की पैसा जमवला पाहिजे, संशोधनासाठी.

मी त्या बोर्डापुढे थांबलो ते काकू पुढे जाऊन परत मागे आल्या मला शोधत. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की टेरीच्या वेळी जगायची शक्यता पंधरावरून पन्नासवर आली होती आणि बारक्याची वेळ येईपर्यंत ती आणखी वर सरकली होती, आणि ती सरकवायला असल्याच कुठल्यातरी पार्कात कुणीतरी पेटीत नाणी टाकली होती. आमच्या घरात आज एक माणूस जास्त जेवतो त्याचं कारण मी पहिल्यांदा बघत होतो.

लाल टीशर्ट घातलेली बरीच माणसं होती. काकूंनी सांगितलं, लाल म्हणजे ज्यांना स्वतःला कॅन्सर होऊन गेलाय ते. त्यातल्या एक बाई माझ्या शेजारी चालत होत्या, पाठीवरची अक्षरं बघून विचारलं ही कुठली भाषा, कोण आहे हा. मी सांगितलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, आता तो काय करतो? आजाराबद्दल काहीच विचारलं नाही. मी म्हटलं शिक्षक होणार आहे. त्या रस्त्यातच थांबल्या आणि टाळ्या वाजवायला लागल्या, आजूबाजूच्या चार लोकांना काही न कळताच त्यांनीही वाजवल्या. मला रडू आवरेना, पाच किलोमीटरमधले उरलेले तीन मी तसाच चाललो.

घरी येऊन फोन लावला बारक्याला. त्याबद्दल नंतर लिहीन. तुमच्यापैकी कुणी गेलंय का या रनला? आणि टेरीबद्दल आणखी माहिती असेल तर प्लीज लिहा, मला सगळं वाचायचंय. एवढं मात्र कळलं की त्याने एका पायावर अख्खा कॅनडा पार केला.

---

ओवी_ब्रॅम्प्टन

किती छान लिहिलंयस रे. वाचताना घशात आवंढा आला.

एक दुरुस्ती करते, राग मानू नको. अख्खा कॅनडा पार नाही झाला त्याचा. १२ एप्रिल १९८० ला न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सला अटलांटिकच्या पाण्यात त्याने कृत्रिम पाय बुडवला आणि निघाला, पॅसिफिकपर्यंत जायचं होतं, रोज साधारण ४२ किलोमीटर, म्हणजे रोज एक अख्खी मॅरेथॉन. १४३ दिवस पळला, ५,३७३ किलोमीटर झाले, आणि १ सप्टेंबरला ऑन्टारियोमधल्या थंडर बेच्या बाहेर थांबावं लागलं कारण कॅन्सर फुफ्फुसात गेला होता. २८ जून १९८१ ला गेला. तेविसावा वाढदिवस महिन्यावर होता.

माझ्या मुलीच्या शाळेत दर सप्टेंबरात ही रन असते, मुलं एकेक टूनी घेऊन जातात, म्हणजे दोन डॉलरचं नाणं. दुसरीत असताना घरी येऊन तिने विचारलं, आई, तो पोचला नाही तर मग आपण त्याच्यासाठी का धावतो? मी म्हटलं तो पोचला नाही म्हणूनच. ती म्हणाली मग आपण पोचलो की थांबायचं का? मला काही उत्तर देता आलं नाही.

---

मुक्कामपोस्ट

आपल्याकडच्या हिशोबाने सांगतो म्हणजे अंदाज येईल. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. वारकरी ते अडीच-तीन आठवड्यांत चालतात. हा पोरगा अशा वीसपेक्षा जास्त वार्‍या एका पाठोपाठ एक, पळत, एका पायावर.

थंडर बेला आम्ही मुद्दाम गाडी थांबवली होती. हायवेलगत उंचावर त्याचा ब्राँझचा पुतळा आहे, नऊ फुटी, खाली लेक सुपिरियर. तोंड पश्चिमेकडे, म्हणजे जायचं राहिलं त्या बाजूला. वडील सोबत होते, त्यांना मी गाडीतच गोष्ट सांगितली होती थोडीशी. ते पुतळ्यापाशी गेले, चपला काढल्या, पाया पडले. शेजारी एक कॅनेडियन म्हातारं जोडपं उभं होतं, त्यांना काय कळलं कोण जाणे पण त्या आजोबांनीही डोक्यावरची टोपी काढली.

---

गोदाकाठ

लेख चांगला आहे, भावना पोचल्या. पण एक विचारतो. आपल्या मराठवाड्यात तालुक्याच्या ठिकाणी साधी बायोप्सी होत नाही, लोक पोराला घेऊन रात्रभर रेल्वेने मुंबईला जातात, परळच्या फूटपाथवर झोपतात, हे तू स्वतः पाहिलंयस. मग वीस डॉलर तिकडच्या श्रीमंत देशाच्या पेटीत का? माझ्या बहिणीच्या वेळेस आम्ही सगळं भोगलंय म्हणून विचारतोय, टोमणा म्हणून नाही.

---

काळी_माती

@ओवी_ब्रॅम्प्टन ताई, चूक दाखवल्याबद्दल आभार, मी घाईत लिहिलं. मुलीला माझ्याकडून शाबासकी द्या.

@गोदाकाठ दादा, तुमचा प्रश्न मलाही त्याच रात्री पडला, खोटं कशाला बोलू. बहिणीबद्दल वाचून वाईट वाटलं. मला असं वाटतं की दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रात्रभर रेल्वेने येणार्‍याला झोपायला जागा, जेवण, औषधाला पैसे, हे आजचं काम आहे आणि ते आपणच करायचं. दादरच्या धर्मशाळेत माझ्या चुलतीला कुणी विचारलं नाही तुमची जात काय, ऐपत काय, चटई दिली, जेवायला दिलं. तिथे मी आता दर महिन्याला थोडे पाठवायला लागलोय, आणि हे त्या रविवारनंतरच सुरू झालं, आधी इतकी वर्षं सुचलं नव्हतं. पण बारक्याला जे औषध चढवलं ते औषधच शोधलं गेलं नसतं तर धर्मशाळेत राहून तरी काय झालं असतं? ते कुणीतरी कुठेतरी शोधलं, आम्ही त्यांना ओळखत नाही. त्यांनी आम्हाला विचारलं नव्हतं तुम्ही कुठले.

---

सांधेवाले

मी ऑर्थोपेडिक्समधे आहे, मुद्दाम लॉगिन करून लिहितोय कारण हा धागा पालक वाचत असतील.

हा आजार बहुतेक वेळा वाढीच्या वयातच होतो, दहा ते वीस वर्षांमधे, आणि सगळ्यात जास्त गुडघ्याच्या आसपास, कारण तिथे हाड सगळ्यात वेगाने वाढत असतं. मुलं खेळत असतात त्यामुळे मार लागलाय असं सगळ्यांना वाटतं, आणि त्यातच महिने जातात. खेळताना लागलेलं दुखणं विश्रांतीने दिवसेंदिवस कमी होतं. हे कमी होत नाही, रात्री झोपेतून उठवतं, सूज टणक असते आणि वाढत जाते. असं दोन-तीन आठवडे टिकलं तर एक्सरे काढा, फार खर्चाची गोष्ट नाही ती. आणि कृपा करून चोळू नका. मी दर वर्षी चोळून चोळून आलेली पोरं बघतो.

टेरीच्या वेळी पाय कापणं हाच बहुधा मार्ग होता. आज बहुतेक मुलांचा पाय वाचवता येतो, आधी केमो, मग तेवढं हाड काढून सांधा बसवायचा, मग परत केमो. आजार दुसरीकडे पसरलेला नसेल आणि उपचार पूर्ण घेतले तर दहातले सहा-सात जण बरे होतात. उपचार अर्धवट सोडू नका एवढंच हात जोडून सांगतो, केस जातात, उलट्या होतात म्हणून घरी घेऊन जातात आणि मग परत येतात तेव्हा उशीर झालेला असतो.

बारक्याच्या आईवडिलांना माझा नमस्कार सांग. ते टिकले म्हणून तो आहे.

---

पायवाट

माझं काम कृत्रिम पाय बनवायचं, पुण्यात. त्यामुळे टेरीचे जुने व्हिडिओ मी वेगळ्या नजरेने बघतो. त्याची धाव नीट बघा, चांगल्या पायावर तो दोनदा उडी मारतो आणि मग कृत्रिम पाय टाकतो. ती लकब नाही, नाइलाज आहे. गुडघ्याच्या वर पाय कापला की गुडघाही यंत्राचाच असतो आणि त्या काळचा तो सांधा पुढे झुलून यायला वेळ घ्यायचा, तेवढा वेळ काढायला एक जास्तीची उडी. म्हणजे ४२ किलोमीटरमधे चांगल्या पायाला किती मार बसला असेल विचार करा. मांडीचा उरलेला भाग सॉकेटमधे, म्हणजे कृत्रिम पायाच्या वरच्या वाटीत, घासून रक्त यायचं, तरी पुढे.

पळण्यासाठीचे कार्बन फायबरचे पाय ऐंशीच्या दशकात पुढे आले. आपल्याकडे जयपूर फूट १९६८ पासून आहे, आणि पुण्यात लष्कराचं आर्टिफिशियल लिम्ब सेंटर तर १९४४ पासून. पण आजही आमच्याकडे येणारा माणूस पहिलं काय मागतो सांगू? पळायचं नाही मागत. म्हणतो मांडी घालून बसता आलं पाहिजे, अनवाणी देवळात जाता आलं पाहिजे, चिखलात भात लावता आला पाहिजे. परदेशी पायात हे बसत नाही. गुडघ्याच्या वर कापलेल्यांसाठी स्वस्त आणि चांगला गुडघा, जो पूर्ण दुमडेल, यावर अजून भरपूर काम बाकी आहे. काळी_माती, तुम्ही मेकॅनिकलवाले आहात म्हणून लिहितो.

---

ओवी_ब्रॅम्प्टन

अरे हो, एक राहिलं. मला सगळ्यात जास्त आवडतो तो भाग आधीचा आहे. पाय कापायच्या आदल्या रात्री टेरीच्या बास्केटबॉलच्या कोचने त्याला एक मासिक आणून दिलं, त्यात डिक ट्रॉम नावाच्या माणसाबद्दल होतं, एक पाय नसताना १९७६ ची न्यूयॉर्क मॅरेथॉन पुरी केलेला. टेरीचं स्वप्न तिथून सुरू झालं. आणि सुरुवातीला त्याला फार कुणी विचारलं नाही बरं का, न्यूफाउंडलंडमधे बर्फ, वारा, रस्ता रिकामा, सोबत एक मित्र व्हॅन चालवत, पण पोर्ट ओ बास्क नावाच्या गावात पोचला तर दहा हजार वस्तीच्या त्या गावाने दहा हजार डॉलर जमवून दिले. त्यावरून त्याला वाटलं की प्रत्येक कॅनेडियन माणसाने एक डॉलर दिला पाहिजे. हसले असतील लोक तेव्हा. फेब्रुवारी १९८१ मधे तो जिवंत असतानाच २ कोटी ४० लाखांच्या वर गेला आकडा, देशाची लोकसंख्या तेवढीच होती. त्याने स्वतः बघितलं ते.

आणि जाहिरात मात्र कुणाची केली नाही. आजही या रनला टीशर्टवर कंपन्यांची गर्दी नसते, घरच्यांनी ते कटाक्षाने जपलंय.

---

गोदाकाठ

काळी_माती, उत्तर पटलं. मी माझ्या तालुक्यात दहा-बारा जणांना घेऊन काही करता येईल का बघतो, पेशंटला मुंबईला नेणार्‍या माणसाला आधी फोनवर सगळी माहिती देणारं कुणीतरी असावं, कुठल्या गेटने जायचं, कोणते कागद लागतात, राहायचं कुठे. आम्हाला पहिला अख्खा दिवस रांग शोधण्यात गेला होता. यात पैसे फार लागत नाहीत. @सांधेवाले, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

---

चिंचोके

दादा मी बारावी सायन्सला आहे. मला एक विचारायचंय की तुम्ही त्या दिवशी प्रेरणा घेतली ते ठीक पण सोमवारी काय केलं? कारण मला पण भाषण वगैरे ऐकून खूप काही करावंसं वाटतं आणि दोन दिवसांनी सगळं परत तसंच होतं.

---

काळी_माती

@चिंचोके, हा प्रश्न कुणीतरी विचारायला हवाच होता.

सोमवारी सकाळी मी काहीच मोठं केलं नाही. आमच्या डिपार्टमेंटमधे चालण्याच्या यंत्रशास्त्रावर, म्हणजे माणूस चालतो तेव्हा सांध्यांवर किती बळ येतं वगैरे, काम करणारी एक लॅब आहे. तिच्या दारावरून मी वर्षभर जात होतो. त्यांना मेल केली, चार ओळींची, की मला तुमच्याकडे बसून बघायला मिळेल का. तीन दिवस उत्तर नाही. मग प्रत्यक्ष जाऊन दार वाजवलं. त्यांनी मला पहिलं काम दिलं ते मोजमापाचे आकडे साफ करायचं, सहाशे ओळींची फाइल, अतिशय कंटाळवाणं. पण फाइलमधला प्रत्येक आकडा कुणाच्या तरी गुडघ्याचा होता, आणि मला तेव्हा बारक्याचा गुडघा आठवायचा, त्यामुळे कंटाळा येऊनही उठावंसं वाटलं नाही. पाच महिने झाले, अजून तिथेच आहे. प्रोफेसरांनी विषय मान्य केलाय.

@पायवाट, तुमची पोस्ट मी लॅबमधे इंग्रजीत सांगितली. मांडी घालून बसायचं आणि भात लावायचं ऐकून सगळे गप्प झाले, त्यांनी या बाजूने विचारच केलेला नव्हता. मांडी घालताना गुडघा किती अंशांत दुमडतो ते आम्ही माझ्यावरच मोजलं, मी लॅबच्या जमिनीवर बसलो आणि सगळे भोवती. तुम्हाला मेल करतोय, सुट्टीत आलो की तुमच्या वर्कशॉपमधे आठ दिवस बसू द्याल का?

आणि बारक्याला केलेला फोन. मी त्याला सांगितलं की तुझं नाव पाठीवर लावून चाललो, आणि हेही सांगितलं की तेव्हा हॉस्पिटलात मी काही बोललो नाही त्याचं मला फार वाईट वाटतं. तो म्हणाला, दादा तू बोलत नव्हतास तेच बरं होतं, बाकी सगळे येऊन रडायचे, तू नुसता बसायचास, मला झोप लागायची.

---

पायवाट

आठ दिवस कशाला, महिनाभर या. चहा आमच्याकडून.

---

कबड्डी_नंबर_सात

हा धागा दादाने पाठवला म्हणून आत्ताच अकाउंट काढलं. मी बारक्या.

सगळ्यांना नमस्कार. सांधेवाले सर, तुमचा निरोप आईला वाचून दाखवला. आई म्हणाली डॉक्टरांना सांग आमच्या गल्लीत आता कुणी पोरांचा गुडघा चोळत नाही, मी चोळू देत नाही.

दादा, पुढच्या सप्टेंबरात तू चालशील त्याच रविवारी मी पण इथे चालणार आहे, गावातून मारुतीच्या पाराला वळसा घालून कॅनॉलपर्यंत आणि परत, पाच किलोमीटर बरोबर होतात, मोजलेत मोटारसायकलवर. डॉक्टरांना विचारलं. चालायला हरकत नाही, पळायचं नाही म्हणाले. शाळेतली पोरं येतो म्हणतायत. पाठीवर काय लिहायचं ते ठरलंय माझं, वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर होता त्याचं नाव. तो नाही आता.

---

काळी_माती

बारक्या, इथे सकाळी नऊला सुरू होतं. म्हणजे तिकडे संध्याकाळचे साडेसहा. ऊन उतरलेलं असेल, पण परत येताना अंधार पडेल, कॅनॉलच्या कडेने येणार असाल तर पोरांना बॅटर्‍या घेऊन यायला सांग.